ग्रंथी आणि तिचे वाचन
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



'ग्रंथ' आणि 'ग्रंथी' हे एकाच घरातील शब्द आहेत. गुंफणे, बांधणे या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून दोन्ही निघाले. सुटी पाने दोऱ्याने बांधली की ग्रंथ सिद्ध होतो आणि दोरा बांधताना जी पडते ती ग्रंथी. मराठीने तिला 'गाठ' केले आणि संसारभर वागवले. लग्नाची गाठ, गाठीभेटी, मनाशी बांधलेली खूणगाठ, गाठीला असलेले चार पैसे, अशा किती तरी गाठी मराठी माणूस निःशंकपणे उच्चारतो. एकच गाठ अशी आहे की तिचे नाव निघताच घरातला आवाज खाली येतो. "मानेशी काहीतरी गाठीसारखे लागते आहे" हे वाक्य ऐकले की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तो सर्वांच्या मनात आधीच उभा असतो.

ही भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तंबाखू चघळणाऱ्यांच्या या देशात तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पुष्कळ आहे आणि त्याची पहिली खूण कित्येकदा मानेतील गाठ हीच असते. तथापि मानेत, गालात, जबड्याखाली, कानामागे येणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. लहान मुलांत आणि तरुणांत तर त्यांतील बहुसंख्य गाठी साध्या असतात. वैद्यकाच्या परिभाषेत त्यांना 'सौम्य' म्हणतात. जवळच्या पेशींत घुसायचे नाही, दूरच्या अवयवांत पसरायचे नाही, ही त्यांची मर्यादा. परंतु भीती हा भेद जाणत नाही. ती माणसाला दोन टोकांपैकी एकाकडे ढकलते. काहीजण गाठ पदराआड, मफलरीआड वर्षानुवर्षे लपवतात. तर काहीजण दुसऱ्याच दिवशी "काय असेल ते काढून टाका" म्हणून शस्त्रवैद्याचा दरवाजा ठोठावतात. या दोन टोकांच्या मधला शहाणपणाचा मार्ग ज्या विद्येने मोकळा केला, ती शरीराच्या अंतरंगाच्या प्रतिमा घेण्याची विद्या. डोके व मान या प्रदेशातील सौम्य गाठींच्या संदर्भात तिने काय साधले आणि तिच्याकडून काय मागू नये, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

गाठींचे वर्गीकरण करण्याची धडपड फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार करणारा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ग्रंथीचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाताचा, पित्ताचा, कफाचा, मेदाचा आणि शिरांचा. मेदाच्या ग्रंथीचे वर्णन तर विशेष लक्षणीय आहे. ती स्निग्ध, मोठी, फारशी न दुखणारी असून शरीर पुष्ट झाले की वाढते व कृश झाले की घटते, असे तेथे म्हटले आहे. त्वचेखाली चरबीची जी गाठ आज लिपोमा म्हणून ओळखली जाते, तिच्या रूपाशी हे वर्णन पुष्कळसे जुळते. मराठीतील 'गंडमाळ' हा शब्दही याच निरीक्षणपरंपरेतला. मानेतील लसीका ग्रंथी एकामागून एक सुजून माळेसारख्या दिसतात, हे पाहणाऱ्याने हे नाव दिले. क्षयरोगाने होणारी ही गंडमाळ आजही भारतात पुष्कळ आढळते आणि औषधांनी बरी होते.

या प्राचीन वैद्यांपाशी डोळा आणि बोटे ही दोनच साधने होती. गाठ कठीण की मऊ, हलते की खिळलेली, दुखते की नाही, हे बोटांना कळे. ती आत किती खोल गेली आहे, तिच्या पोटात पाणी आहे की मांस, ती कोणत्या रक्तवाहिनीला टेकली आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता. ते कळे ते चाकू चालल्यावर, आणि तेव्हा कित्येकदा फार उशीर झालेला असे.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील व्ह्यूर्त्सबुर्ग येथे व्हिल्हेल्म राँटगेन याला क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी एवढेच त्यात स्पष्ट उमटले. या चित्राने जग थक्क झाले. परंतु मऊ गाठींच्या दृष्टीने त्यातच या किरणांची उणीवही उघड झाली होती. हाड क्ष-किरणांना अडवते. स्नायू, ग्रंथी, रक्त आणि पाणी मात्र त्यांना जवळजवळ सारखेच अडवतात. त्यामुळे मानेतील मऊ गाठ साध्या क्ष-किरणचित्रात बहुधा दिसतच नाही. श्वासनलिका एका बाजूला ढकलली गेली असेल, किंवा विकृत नीलांच्या गाठीत बारीक खडे साठले असतील, तर तेवढा सुगावा लागतो. गाठीच्या अस्तित्वाची कुजबुज ऐकू येते, तिचे रूप दिसत नाही.

ते दिसण्यास आणखी साठ वर्षे जावी लागली. ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड याच्या मनात एक विचार आला. कारखान्यांत धातूच्या पत्र्यातील अदृश्य भेगा शोधण्यासाठी श्रवणातीत ध्वनी वापरतात. मग हाच ध्वनी शरीरातील गाठीवर सोडला तर? 1955 साली तो शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॅबकॉक अँड विल्कॉक्स या कंपनीच्या कारखान्यात गेला आणि तेथील यंत्रावर त्याने त्या तपासल्या. पाण्याच्या गाठीतून परतणारा प्रतिध्वनी आणि भरीव गाठीतून परतणारा प्रतिध्वनी यांत स्वच्छ फरक होता. पुढे एक रुग्णा त्याच्याकडे आली. तिचे पोट फुगले होते आणि तिला असाध्य कर्करोग असल्याचे निदान झालेले होते. ध्वनीच्या प्रतिमेने सांगितले की ही पाण्याने भरलेली प्रचंड गाठ आहे. शस्त्रक्रियेत अंडाशयाची साधी गाठ निघाली व ती स्त्री बरी झाली. 1958 साली डोनाल्ड आणि त्याचे सहकारी यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीची कीर्ती पुढे गर्भाच्या चित्रांमुळे पसरली. पण तिच्या पायाशी गाठीचाच प्रश्न होता, हे विसरता कामा नये.

मानेच्या तपासणीत ही सोनोग्राफी आज सहसा पहिली येते. माणसाच्या कानाला सेकंदास 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मानेसाठी वापरला जाणारा ध्वनी सुमारे 70 लाख ते दीड कोटी कंपनांचा असतो. कंपने जितकी अधिक तितके बारकावे स्पष्ट, मात्र ध्वनीची पोच तितकी उथळ. मानेतील बऱ्याच गोष्टी त्वचेपासून दोन-चार सेंटिमीटरांच्या आत असल्यामुळे ही अडचण तेथे फारशी जाणवत नाही. यात घातक किरण नसतात. म्हणून मुलांसाठी ती विशेष सोयीची. हाडाच्या वा हवेच्या पलीकडे मात्र तिची दृष्टी पोचत नाही.

त्यापुढचे पाऊल गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने टाकले. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या ज्या तबकड्यांवर मराठी रसिकांच्या दोन पिढ्या पोसल्या, त्या तबकड्यांच्या धंद्यातील ई.एम.आय. कंपनीच्या संशोधनशाळेत तो काम करीत होता. शरीराच्या एकाच छेदातून अनेक कोनांनी क्ष-किरण पाठवून गणकयंत्राकरवी त्याचे चित्र जुळवायचे, ही त्याची कल्पना. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा छेद टिपला गेला. ॲलन कॉर्मॅक याने या गणिताचा विचार स्वतंत्रपणे केला होता. 1979 चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. सी.टी. स्कॅनने मऊ ऊतींना अंक दिले. पाणी शून्य, हवा उणे 1000, चरबी सुमारे उणे 50 ते उणे 100, घट्ट हाड हजाराच्या आसपास. लिपोमासारखी चरबीची गाठ या अंकांवरूनच ओळखू येते. सुश्रुतपरंपरेने बोटांनी ओळखलेला मेद येथे आकड्यात उतरला.

तिसरे साधन एम.आर.आय. 1973 साली पॉल लॉटरबर याने चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा घडवण्याची रीत प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफील्ड याने ती जलद व व्यवहार्य केली. या दोघांना 2003 साली नोबेल मिळाले. शरीर मुख्यतः पाण्याचे, आणि पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी क्षणभर डिवचायचे आणि ती पूर्वस्थितीला येताना जो संदेश देतात तो टिपायचा, असे हे तंत्र आहे. येथेही घातक किरण नाहीत. परंतु अरुंद बोगद्यात बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते, ठोके पडल्यासारखा आवाज होतो आणि शरीरात धातूचे काही बसवलेले असल्यास ते आधी सांगावे लागते. मऊ ऊतींतील सूक्ष्म भेद दाखवण्यात या साधनाचा हात कोणी धरत नाही.

साधने अशी तीन झाली. परंतु चित्र समोर असणे आणि त्याचा अर्थ लागणे या दोन गोष्टी आहेत, हे ग्रंथालयाच्या सभासदांना वेगळे सांगावयास नको. मानेतील गाठीचे चित्र वाचताना तज्ज्ञ तीन प्रश्न विचारतो: ती कोठे आहे? ती कशाची बनली आहे? आणि तिच्या शेजारी कोण आहे?

पहिला प्रश्न जागेचा. मान हा शरीरातील सर्वांत दाट वस्तीचा भाग. श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिणी, तेथून परतणाऱ्या नीला, मेरुरज्जू, आवाजाचे आणि गिळण्याचे मज्जातंतू, अवटू ग्रंथी म्हणजेच रोजच्या बोलण्यातील थायरॉइड, शिवाय शेकडो लसीका ग्रंथी, एवढा संसार त्या अरुंद जागेत मांडलेला असतो. या रचनेला गर्भावस्थेचा इतिहास आहे. अवटू ग्रंथीचा जन्म जिभेच्या मुळाशी होतो. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ती तेथून खाली उतरत मानेच्या पुढच्या भागात स्थिरावते आणि जिच्यातून ती उतरली ती नळी बुजून जाते. नळीचा एखादा तुकडा बुजायचा राहिला तर पुढे केव्हातरी त्यात द्रव साठतो आणि गळ्याच्या मध्यरेषेवर गाठ दिसू लागते. जीभ बाहेर काढली की ती वर सरकते, कारण तिचे नाते अजून जिभेशी जोडलेले असते. गर्भाच्या मानेतील कमानींमधल्या खाचा मिटायच्या राहिल्या तर मानेच्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, पाण्याची गाठ येते. ती बहुधा ऐन तारुण्यात लक्षात येते. लसीकावाहिन्यांची जुळणी बिघडली तर तान्ह्या मुलाच्या मानेत अनेक कप्प्यांची मऊ गाठ दिसते. अशा गाठी म्हणजे गर्भातील प्रवासात वाटेवर राहून गेलेले सामान होय. जागा अचूक कळली की निम्मे निदान झाले, असे तज्ज्ञ मानतात ते यामुळेच.

दुसरा प्रश्न द्रव्याचा. सोनोग्राफीत पाणी काळे दिसते, भरीव ऊती करड्या छटांत दिसतात आणि चरबीच्या गाठीत त्वचेला समांतर अशा बारीक रेघा दिसतात. निरोगी लसीका ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असून तिच्या मध्याशी चरबीचा उजळ भाग असतो. ती गोल झाली आणि हा मध्य हरवला की तज्ज्ञाची नजर थबकते. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी डॉप्लर तपासणी जोडली की गाठीत रक्त किती खेळते आहे हेही समजते. तान्ह्या मुलाच्या गालावर किंवा मानेवर येणारी रक्तवाहिन्यांची लालसर गाठ अशा वेळी ओळखता येते. जन्मानंतर काही आठवड्यांत ती उगवते, काही महिने झपाट्याने वाढते आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू ओसरत जाते. तिचे हे वळण ठाऊक नसलेले आईवडील घाबरून चाकूचा आग्रह धरतात. डोळ्याजवळ वा श्वासमार्गात असेल तर तिच्यावर उपचार हवेतच. पण 2008 साली फ्रान्समधील बोर्दो येथील वैद्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे हृदयविकारात वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध ती आक्रसवू शकते.

तिसरा प्रश्न शेजाराचा, आणि अनर्थ घडतो तो बहुधा येथे चूक झाल्यावर. याची तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण मानेतील रोहिणीच्या दुभाग्यावर येणाऱ्या गाठीचे. तेथे कॅरॉटिड बॉडी नावाचा एक इवलासा अवयव असतो. त्याची गाठ सहसा सौम्य असते, हळू वाढते, दुखत नाही आणि वरून एखाद्या साध्या लसीका ग्रंथीसारखी भासते. आत मात्र ती रक्ताने ओतप्रोत असते. ती वाढताना रोहिणीच्या दोन शाखांना फाकवते. रक्तवाहिन्यांच्या चित्रात त्या दोन शाखा लायर या प्राचीन ग्रीक तंतुवाद्याच्या बाहूंसारख्या दिसतात. हे चित्र न पाहता कोणी तपासणीसाठी तिचा तुकडा कापावयास गेला तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. येथे प्रतिमा वैद्याचा हात धरते आणि थांबवते.

दुसरे उदाहरण कानाखालच्या पॅरोटिड या लाळग्रंथीचे. तिच्यात सर्वाधिक आढळणारी सौम्य गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते. न दुखणारी, गोलसर, खालीवर सरकणारी. सौम्यच आहे तर राहू द्यावी, असे कोणालाही वाटेल. परंतु दीर्घकाळ राहिल्यास यांतील काही गाठी पुढे दुर्दम होतात, म्हणून ती काढण्याचा सल्ला सहसा दिला जातो. काढावयाची तर या ग्रंथीच्या पोटातून चेहऱ्याचा मज्जातंतू जातो. डोळा मिटणे, हसणे, ओठ हलवणे हे सारे त्याच्या शाखांवर चालते. नुसती गाठ सोलून काढली तर तिचे कण मागे राहून अनेक ठिकाणी पुन्हा उगवतात. बेताल खोल गेले तर चेहरा कायमचा वाकडा होतो. एम.आर.आय.मध्ये या गाठीचा खोल भाग किती पसरला आहे ते दिसते. मज्जातंतू स्वतः साध्या चित्रात सहसा स्पष्ट उमटत नाही; जबड्यामागच्या नीलेच्या जागेवरून त्याचा माग काढावा लागतो. न दिसणाऱ्याचा अंदाज दिसणाऱ्यावरून बांधणे, ही वाचनाची कला येथे पणाला लागते.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोकर हा अत्यंत निष्णात शल्यचिकित्सक होता. 1874 साली त्याने अकरा वर्षांच्या एका मुलीची वाढलेली अवटू ग्रंथी संपूर्ण काढली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. काही वर्षांनी त्याने तिला पुन्हा पाहिले तेव्हा तिची वाढ खुंटलेली होती, चेहरा सुजट आणि बुद्धी मंदावलेली होती. तिची धाकटी बहीण तिला मागे टाकून उंच झाली होती. कोकरने मग आपल्या इतर रुग्णांचा शोध घेतला आणि जे आढळले ते 1883 साली जगापुढे मांडले. संपूर्ण ग्रंथी काढण्याचे त्याने सोडून दिले. अवटू ग्रंथीवरील कार्यासाठी 1909 चे नोबेल त्याला मिळाले. ही ग्रंथी शरीराला किती अत्यावश्यक आहे, हे जगाला अशा मोलाने कळले.

आता गळ्याच्या मध्यरेषेवरील त्या गाठीकडे परत यावे. ती काढण्याची निर्दोष रीत 1920 साली वॉल्टर सिस्ट्रंक याने घालून दिली: गाठीबरोबर जिभेखालच्या हायॉइड या हाडाचा मधला तुकडा आणि नळीचा मागही काढावयाचा, म्हणजे ती परत येण्याचा संभव फार कमी होतो. परंतु त्याआधी सोनोग्राफीने एक गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे अवटू ग्रंथी आपल्या जागी आहे ना? क्वचित असे होते की ग्रंथीचा प्रवासच अर्ध्यावर थांबलेला असतो, आणि गाठ म्हणून जी दिसते तीच त्या मुलाची एकमेव अवटू ग्रंथी असते. ती काढली तर कोकरच्या रुग्णेची कहाणी पुन्हा घडेल, किंवा त्या मुलाला आयुष्यभर गोळ्यांवर राहावे लागेल. काही मिनिटांची, वेदनारहित आणि तुलनेने स्वस्त अशी तपासणी हा अनर्थ टाळते. सौम्य गाठीच्या बाबतीत प्रतिमेचा सर्वांत मोठा उपकार कोणता, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल की कोठे कापू नये हे ती सांगते.

तथापि या उपकाराची दुसरी बाजूही आहे. पाहण्याची शक्ती वाढली की दिसणाऱ्या गोष्टीही वाढतात, आणि दिसले ते सारे काढावे असा मोह होतो. दक्षिण कोरियात 1999 नंतर कर्करोगाच्या सरकारी तपासणीबरोबरच अल्प शुल्कात थायरॉइडची सोनोग्राफी करून घेण्याची चाल पडली. परिणामी 2011 साली थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण 1993 च्या पंधरा पट झाले. या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ होते तेवढेच राहिले. आयुष्यभर उपद्रव न देत्या अशा बारीक गाठी हजारोंच्या संख्येने शोधल्या आणि कापल्या गेल्या. 2014 साली ही आकडेवारी प्रसिद्ध झाल्यावर तेथील शस्त्रक्रिया कमी झाल्या. थायरॉइडमधील गाठींना गुण देण्याची पद्धत अमेरिकेतील रेडिओलॉजी महाविद्यालयाने 2017 साली मांडली, तीमागे हाच विवेक आहे. गाठ द्रवाची की घन, तिची छटा, आकार, कडा आणि आतील ठिपके यांना गुण द्यावयाचे. बेरीज आणि आकारमान पाहून सुई घालावयाची, थांबून पाहावयाचे की सोडून द्यावयाचे, ते ठरवावयाचे.

याच्या उलट दिशेचा धोकाही सांगितला पाहिजे. चित्रात साधी दिसणारी गाठ नेहमी साधी असतेच असे नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या मानेत बाजूला नव्याने पाण्याची गाठ आली, तर ती जन्मजात गाठ मानून गप्प बसता येत नाही. टॉन्सिलचा वा थायरॉइडचा कर्करोग लसीका ग्रंथीत पसरून असेच पाणीदार रूप घेऊ शकतो. म्हणून प्रतिमेच्या जोडीला सुईने काढलेल्या पेशींची तपासणी, तोंड व घसा यांची पाहणी आणि रुग्णाची हकीकत ही हवीतच. वय आणि व्यसन चित्रात उमटत नाही. ते विचारावेच लागते.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो या सभागृहाचा खास प्रश्न आहे. तपासणीचा अहवाल इंग्रजीत येतो. त्यात 'सजेस्टिव्ह ऑफ', 'लाइकली', 'क्लिनिकल कोरिलेशन' असे शब्द असतात. घरी आलेला अहवाल शेजारचा पदवीधर वाचतो आणि 'ट्यूमर' या एका शब्दावर बोट ठेवून थांबतो. ट्यूमर म्हणजे केवळ गाठ. तो सौम्यही असतो, हे त्याला ठाऊक नसते. त्याच वाक्यातील 'बिनाइन' हा धीर देणारा शब्द कोणाच्या लक्षातच येत नाही. वास्तविक हा अहवाल एका तज्ज्ञाने दुसऱ्या तज्ज्ञाला लिहिलेले पत्र असते. 'सजेस्टिव्ह' म्हणजे 'याकडे बोट दाखवणारे', 'सिद्ध झालेले' असा त्याचा अर्थ नव्हे. 'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे 'रुग्णाला प्रत्यक्ष तपासून या चित्राशी पडताळा घ्या' ही विनंती. चांगला अहवाल आपली खात्री किती आहे हेही सांगतो. ती त्याची सचोटी असते, दुबळेपणा नसतो.

बडोद्याच्या मराठी माणसाला तर हा प्रवास तीन भाषांतून करावा लागतो. घरात मराठी, दवाखान्यात गुजराती आणि कागदावर इंग्रजी. सुदैवाने गुजरातीतही गाठीला गांठच म्हणतात, त्यामुळे भीती तेवढी अनुवादावाचून पोचते. धीर देणारे शब्द मात्र वाटेत हरवतात. याच नगरीत सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत एकत्र मांडणारा 'श्री सयाजी शासनशब्दकल्पतरु' 1931 साली प्रसिद्ध करविला. प्रजेला कायदा आणि कारभार आपल्या भाषेत कळावा, ही त्यामागची तळमळ. 1910 पासून त्यांनी राज्यभर जी सार्वजनिक ग्रंथालयांची योजना उभी केली तिच्याही मुळाशी हीच तळमळ होती. कारभाराच्या शब्दांसाठी जे झाले ते शरीराच्या शब्दांसाठीही व्हावयास हवे. 'सौम्य' आणि 'दुर्दम', 'द्रवाची' आणि 'भरीव', 'शक्यता' आणि 'निदान' हे भेद मराठीत स्वच्छ सांगता येतात. ते सांगणारी चार पुस्तके आरोग्याच्या कपाटात हाताशी असणे आणि ती ग्रंथपालाने न मागता पुढे करणे, हीही रुग्णसेवाच होय.

उरते ते व्यवहाराचे. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज सोडावा. दुखरी गाठ पुष्कळदा साध्या जंतुसंसर्गाची असते आणि गंभीर गाठ बहुधा मुकी असते. मोठ्या माणसाच्या मानेतील गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही तर वैद्याला दाखवावी. तंबाखू खाणाऱ्याने तर दिवस मोजीत बसू नये. गाठ चोळू नये, फोडू नये, तिच्यावर डाग देऊ नये. कोणती तपासणी प्रथम करावी हे वैद्याला ठरवू द्यावे. महागडी तपासणी ती अधिक खरी, असे नसते. जुनी चित्रे आणि जुने अहवाल जपून ठेवावेत, कारण गाठ सहा महिन्यांत वाढली की तशीच राहिली, हे जुन्या चित्राशेजारी नवे ठेवल्यावाचून कळत नाही. आणि अहवाल ज्याच्या नावाचा आहे, त्याला तो त्याच्या भाषेत समजावून सांगण्याची विनंती वैद्याला निःसंकोच करावी. तो रुग्णाचा हक्क आहे.

गाठ कापण्याची कला माणसाने फार पूर्वी हस्तगत केली. ती कापण्यापूर्वी वाचण्याची कला त्याला अलीकडे साधली आहे, आणि त्या वाचनाला चांगल्या वाचकाचे गुणच लागतात: मागचापुढचा संदर्भ पाहणे, घाईने निष्कर्ष न काढणे आणि जे लिहिलेले नाही ते भीतीपोटी वाचू नये एवढा संयम. शंभर वर्षे ज्या वास्तूने वाचक घडवले, तिच्या सभासदांकडून या संयमाची अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास शुभचिंतन.